दुकानाची दुसरी पाटी

एप्रिल लागला की गावोगावच्या पिठाच्या गिरण्यांसमोर एक जादा फळी दिसू लागते: 'मिरची, हळद, मसाला कांडून मिळेल'. गिरणीवाल्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. मोसम आला की गिऱ्हाइकाच्या तोंडी जो शब्द असतो तोच लिहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडेल असा टांगायचा, एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याच गिरणीची गुगलच्या नकाशावरची नोंद उघडावी, तर पुष्कळदा भलतंच दुकान समोर येतं. नाव रोमन लिपीत, तेही कुणीतरी अंदाजाने लिहिलेलं. व्यवसाय 'फ्लोअर मिल'. वेळ चोवीस तास. फोटो बंद शटरचा. 'कांडप' हा शब्द कुठेच नाही. शेजारच्या इमारतीत नव्याने राहायला आलेली बाई मोबाइलवर 'मिरची कांडप' शोधते तेव्हा शंभर पावलांवरची गिरणी तिला सापडत नाही, कारण ही गिरणी मिरची कांडते हे त्या यंत्राला कुणी सांगितलेलंच नसतं.

छोट्या व्यवसायाने इंटरनेटच्या शोधात वर कसं यावं, या प्रश्नाभोवती गेल्या दहा-बारा वर्षांत सल्लागारांचा चांगलाच बाजार भरला आहे. महिन्याला अमुक हजार भरा, पहिल्या पानावर आणतो. शंभर रिव्ह्यू मिळवून देतो. आणि 'गुगलकडून बोलतोय' म्हणत नोंद चालू ठेवायची फी मागणारे फोन वेगळेच. (नोंद करायला किंवा ठेवायला गुगल पैसे घेत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.) या गलबल्यात मूळ गोष्ट मागे पडते. हाताशी असलेला पुरावा नीट पाहिला तर लहान दुकान मागे राहण्याचं कारण स्पर्धकाच्या हुशारीत शोधण्याआधी दुकानाच्या स्वतःच्या नोंदीत शोधावं, असं वाटतं. तिथली साधी माहिती चुकीची असते, अपुरी असते किंवा गिऱ्हाइकाच्या भाषेत नसते. मराठी मुलखात तर हे दुपटीने खरं आहे.

दुकान शोधून देण्याचा धंदा जुना आहे. परदेशी टेलिफोन डिरेक्टऱ्यांच्या पिवळ्या पानांत नावं अक्षरानुक्रमाने असायची, म्हणून कुलूपवाले आणि प्लंबर आपल्या नावाआधी तीन-तीन 'ए' जोडायचे. आपल्याकडे १९९६ मध्ये जस्टडायल सुरू झालं. फोन करायचा, हवा तो व्यवसाय सांगायचा, पलीकडून नावं आणि नंबर मिळायचे. त्या यादीत पैसे भरून वरची जागा घेता येते, आणि तो सौदा उघड आहे. गुगलची चाल निराळी. २००५ मध्ये त्यांचा नकाशा आला, २०१४ मध्ये दुकानदारांसाठी 'गुगल माय बिझनेस' ही मोफत सोय आली, २०२१ च्या अखेरीस तिचं नाव 'गुगल बिझनेस प्रोफाइल' झालं. दुकानदाराच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल मात्र ऑगस्ट २०१५ मधला. तोवर शोधाच्या पानावर नकाशासोबत सात दुकानं दिसत. ती तीनवर आली. चौथं दुकान पाहायला आणखी एकदा बोट टेकवावं लागतं, आणि घाईत असलेला माणूस ते टेकवेलच असं नाही. आजची बहुतेक धडपड या तीन जागांसाठी आहे.

त्या कशा भरतात हे गुगलने आपल्या मदतपानांवर ढोबळपणे सांगितलं आहे. विचारलेल्या गोष्टीशी दुकान किती जुळतं, ते विचारणाऱ्यापासून किती लांब आहे आणि त्याचं नाव किती आहे, या तीन कसोट्या. पैसे देऊन हा क्रम बदलत नाही, असंही तिथे लिहिलेलं आहे. जाहिरातीची जागा वेगळी असते आणि तिच्यावर तशी खूण असते. कुठल्या कसोटीला किती वजन, ते गुपित. पण दुकानाच्या गल्ल्यावर बसून या तिन्हींकडे पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. अंतर दुकानदाराच्या हातात नाही. तो दुकान उचलून गिऱ्हाइकाच्या दारात नेऊ शकत नाही. नाव कमवायला वर्षं जातात. जुळणं मात्र आज रात्री, हिशेब मिटवल्यावर अर्ध्या तासात सुधारता येतं. आणि दुर्लक्ष होतं ते नेमकं त्याच्याकडे.

अंतराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या धंद्यातली सर्वांत मोठी थाप तिथे उघडी पडते. डिसेंबर २०२१ च्या सुमारास झालेल्या फेरबदलात अंतराचं वजन आणखी वाढल्याचं स्थानिक शोधाचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवलं. म्हणजे कात्रजला उभं राहून 'चष्म्याचं दुकान' विचारणाऱ्याला एक यादी मिळते आणि औंधला तेच विचारणाऱ्याला दुसरी. मग 'पुण्यात नंबर वन' या वचनाला अर्थ काय राहिला? सल्लागार आपल्या लॅपटॉपवर पहिला क्रमांक दाखवतो तेव्हा तो कुठे बसून आणि कोणता शब्द टाकून मिळवला, हे विचारावं. दुकानाचं नावच टाकून शोधलं तर बहुतेक कुणाचंही दुकान पहिलं येतं.

आता जुळण्याकडे. नोंदीत मुख्य वर्ग एकच निवडता येतो, जोडीला नऊ दुय्यम. वर्गांची यादी हजारोंची असली तरी तिची बैठक इंग्रजी आहे. खानावळ, पोळी-भाजी केंद्र, रसवंती, कांडप, बांगड्या भरणारे कासार हे सगळे त्या साच्यात कसेबसे बसवावे लागतात. जे वर्गात मावत नाही ते शब्दांनी भरून काढायचं असतं, आणि तिथेही कुठल्या रकान्याचा काय उपयोग हे समजून घेतलेलं बरं. ७५० अक्षरांचं वर्णन वाचणाऱ्यासाठी असतं. क्रमावर त्याचा फारसा परिणाम होत नाही, असं जाणकार मानतात. सेवांच्या यादीतले आणि गिऱ्हाइकांनी रिव्ह्यूत वापरलेले शब्द मात्र निकालाखाली बारीक ओळीत उमटताना दिसतात. 'भाजणी दळून दिली' असं कुणी लिहिलं असेल तर भाजणी शोधणाऱ्याला ती ओळ दाखवली जाऊ शकते. म्हणजे गिरणीवाल्याने आपल्या सेवा 'दळण, भाजणी, मिरची कांडप, हळद' अशा मांडाव्यात. 'क्वालिटी ग्राइंडिंग सोल्यूशन्स' हे कुणीही शोधत नाही. मराठीत बोलून शोधायची सोय ऑगस्ट २०१७ पासून आहे, आणि बोलताना तर 'फ्लोअर मिल' कुणाच्याच तोंडून येत नाही.

लिपीचा घोळ याहून खोल आहे. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दोन महिन्यांत लावायला सांगितलं. अक्षरांचा आकार, खर्च, हक्क यांवर भरपूर वाद झाले. पण तो कायदा शटरवरच्या पाटीपुरता. गिऱ्हाईक आधी बघतं ती नकाशावरची पाटी, आणि तिथलं मराठी नाव बऱ्याचदा दुकानदाराने लिहिलेलंच नसतं. २०२१ च्या सुरुवातीला गुगलने मराठीसह दहा भारतीय भाषांत ठिकाणांची नावं यंत्राकडून लिप्यंतर करून दाखवायला सुरुवात केली. सोय मोठी आहे, यात वाद नाही. तरी रोमन स्पेलिंगवरून मराठी नाव ओळखणं म्हणजे अंधारात सुई ओवणं: 'काळे' आणि 'काले', 'साठे' आणि 'साथे', 'पाटणकर' आणि 'पतंकर' हे त्या लिपीत एकसारखेच दिसतात. मौज अशी की चूक ओळखू शकणारा एकमेव माणूस, म्हणजे दुकानाचा मालक, आपला फोन इंग्रजीत वापरतो, म्हणून त्याला ती दिसतच नाही. फोनची भाषा एकदा मराठी करून आपलं दुकान शोधून पाहावं आणि नाव चुकलं असेल तर दुरुस्ती सुचवावी, हे दहा मिनिटांचं काम आहे.

गावांच्या नावांचंही तसंच. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं, अहमदनगर नंतर अहिल्यानगर झालं. पण शोधणाऱ्यांची बोटं अजून दोन्ही नावं टाइप करतात. गोव्यात म्हापसा रोमन लिपीत 'मापुसा' वाचला जाईल असा लिहितात आणि पणजीला 'पणजिम' म्हणणारे काही कमी नाहीत. नवं नाव पत्त्यात आणि जुनं नाव आपल्या वेबपानावर एखाद्या सरळ वाक्यात ठेवलं तर दोन्हीकडचं गिऱ्हाईक पोचतं. यात राजकारण आणायचं कारण नाही; ते आणणारे दुसरे बरेच आहेत.

पत्ता आणि वेळ या गोष्टी इतक्या साध्या की त्यांबद्दल लिहायला संकोच वाटावा, पण घोळ तिथेच जास्त होतात. 'मारुतीच्या देवळासमोर, जुन्या टॉकीजमागे' हा आपला पत्ता माणसाला कळतो, यंत्राला नाही. त्यामुळे नकाशावरची खूण हाताने धरून नेमक्या दारावर आणून ठेवावी लागते. डोंबिवलीत ती रुळांच्या पलीकडे पडली, तर पूर्वेचं दुकान पश्चिमेचं होतं आणि गिऱ्हाईक पूल चढून-उतरून चडफडत परत जातं. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये देशभर चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटींना दहा अक्षरी 'डिजिपिन' दिला, तो याच दुखण्यावर उपाय म्हणून. वेळेचं महत्त्व तर अलीकडे वाढलंच आहे. ठरावीक दुकानाचं नाव न घेता केलेल्या शोधात त्या क्षणी उघडं असलेलं दुकान पूर्वीपेक्षा अधिक पुढे येतं, हे गुगलच्या प्रवक्त्याने डिसेंबर २०२३ मध्ये मान्य केलं. दुपारी १ ते ४ विश्रांती घेणाऱ्या पुणेकर दुकानदाराने यावरून चोवीस तास उघडं असल्याची नोंद करू नये. एका दिवसात वेळेचे दोन तुकडे नोंदवता येतात, त्यामुळे विनोदही शाबूत राहतो आणि नोंदही खरी राहते. घरून डबे देणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या बायकांसाठी आणखी एक सोय आहे: घराचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचे भाग, वीसपर्यंत, नोंदवता येतात. ती माहीत नसल्याने कुणी आपल्या घराचं दार जगाला दाखवतं, तर कुणी भीतीने नोंदच करत नाही.

तिसरी कसोटी नावाची. इथे आकड्यांचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे, जरी तो अमेरिकेचा आणि उपाहारगृहांचा असला तरी. हार्वर्डच्या मायकल लुका यांनी २०११ मध्ये सिएटलमधली उपाहारगृहं तपासली. वॉशिंग्टन राज्याच्या महसूल खात्याकडची विक्री आणि येल्प या संकेतस्थळावरचे तारे त्यांनी शेजारी मांडले. हाती लागली एक सुंदर फट. येल्प तेव्हा सरासरी अर्ध्या ताऱ्यात गोल करत असे: ३.२४ असेल तर तीन तारे, ३.२५ असेल तर साडेतीन. दोन्ही ठिकाणचं जेवण जवळपास एकाच दर्जाचं, फक्त दिसणारे तारे वेगळे. तेव्हा विक्रीत जो फरक पडतो तो ताऱ्यांमुळेच. निष्कर्ष असा की एक तारा वाढला तर विक्री ५ ते ९ टक्क्यांनी वाढते. मायकल अँडरसन आणि जेरेमी मॅग्रूडर यांनी २०१२ मध्ये हीच युक्ती सॅन फ्रान्सिस्कोत वापरली आणि अर्धा तारा वाढल्यावर ऐन गर्दीच्या वेळची टेबलं भरून जाण्याचं प्रमाण १९ टक्के-अंकांनी वाढल्याचं दाखवलं. पण लुकांच्या अभ्यासातलं जास्त मोलाचं वाक्य दुसरंच आहे: हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांवर दिसला, साखळी उपाहारगृहांवर दिसला नाही. कारण उघड आहे. साखळीच्या दुकानात काय मिळणार हे सर्वांना आधीच माहीत असतं. अनोळखी दुकानाची ओळख मात्र चार परक्यांच्या बोलण्यातून होते. म्हणजे ही सगळी यंत्रणा ज्याला जाहिरात परवडत नाही त्याच्याच जास्त उपयोगाची आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो खोट्या रिव्ह्यूंचा, आणि तो खराच आहे. लुका आणि जॉर्जिओस झर्वास यांनी २०१६ मध्ये बॉस्टनच्या उपाहारगृहांचा अभ्यास छापला, त्यात सुमारे १६ टक्के रिव्ह्यू येल्पने संशयित म्हणून गाळलेले होते, आणि नाव कमकुवत असलेल्या ठिकाणी लबाडी जास्त होती. गुगलने २०२३ या एका वर्षात १७ कोटींहून अधिक नियमबाह्य रिव्ह्यू अडवले किंवा काढले, असं ते सांगतात. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक आहे. तेव्हा खोटेपणा थांबला असं कुणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की लहान दुकानदाराने त्यात उतरावं का. विकत घेतलेले पन्नास 'नाइस शॉप' एका सकाळी गायब होतात. कधी त्यांच्याबरोबर नोंदही निलंबित होते. सवलतीच्या बदल्यात रिव्ह्यू मागणंही नियमात बसत नाही. खऱ्या गिऱ्हाइकाला दळणाचा डबा परत देताना 'दोन ओळी लिहा, काय दळलं तेही लिहा' एवढं म्हणणं बसतं, आणि त्या दोन ओळींत 'भाजणी' हा शब्द येतो, जो पन्नास 'नाइस'मध्ये येत नाही. वाईट रिव्ह्यूला शांत उत्तर द्यावं. ते तक्रार करणाऱ्यासाठी नसतं, पुढच्या शंभर वाचणाऱ्यांसाठी असतं.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे. नियम सांगतो की नोंदीतलं नाव पाटीवरच्या नावासारखंच असावं. तरी 'श्री गणेश' ऐवजी 'श्री गणेश बेस्ट एसी रिपेअर ठाणे होम सर्व्हिस' लिहिणारे वर येताना दिसतात. डेव्हिड मिम यांनी २००८ मध्ये सुरू केलेलं आणि पुढे व्हाइटस्पार्क या कंपनीने चालवलेलं एक सर्वेक्षण या क्षेत्रातल्या जाणकारांना विचारून घटकांची क्रमवारी लावतं. ती मोजणी नाही, मतं आहेत, हे लक्षात ठेवूनही नावातल्या शब्दांना तिथे सातत्याने वरचं स्थान मिळत आलं आहे. म्हणजे लबाडी चालते, हे कबूल करावं लागेल. पिवळ्या पानांतले ते तीन 'ए' नव्या कपड्यांत परत आले, दुसरं काय. पण अशा नावाविरुद्ध कुणीही, विशेषतः शेजारचा स्पर्धक, दुरुस्ती सुचवू शकतो. नोंद निलंबित झाली तर ती परत मिळवताना पाटीचे फोटो आणि कागदपत्रं दाखवावी लागतात, आणि पाटीवर 'बेस्ट' नसतं. ज्याच्या दुकानाची सारी आवक फोनवर आहे त्याने ही जोखीम घेऊ नये, असं माझं मत. नवीन पाटी रंगवताना 'श्री गणेश एसी दुरुस्ती' असं खरोखरच नाव ठेवलं, तर मात्र हरकत कुणाचीच नाही.

तिसरा आक्षेप धोरणाचा: हे सगळं दुसऱ्याच्या जागेत बांधलेलं घर आहे. बरोबर. मालक आपल्या सोयीने नियम बदलतो. नोंदीवरून आपोआप तयार होणारी मोफत वेबपानं गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. ज्यांचं तेवढंच होतं त्यांच्या हातात काही राहिलं नाही. शोधात स्वतःच्या सेवेला झुकतं माप दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गुगलला १३५ कोटी ८६ लाखांचा दंड ठोठावला. प्रकरण अपिलात गेलं. यातून निघणारा निष्कर्ष मात्र 'मग नोंदच नको' असा नाही. बाजारपेठेत गाळा भाड्याचा असतो म्हणून कुणी धंदा सोडत नाही. भाड्याच्या गाळ्यात लाखाचं फर्निचर करत नाही, इतकंच. नोंद नीट ठेवावी आणि जोडीला स्वतःच्या नावाचं एक साधं मराठी पान असावं: काय करतो, कुठे, केव्हा, किती दरात. आणि नोंदीची मालकी आपल्याच ई-मेलवर असावी. सल्लागाराला व्यवस्थापक म्हणून जोडता येतं. मालक म्हणून जोडलं तर भांडण झाल्यावर दुकान आपलं आणि पाटी त्याची, अशी गत होते.

'आमची गिऱ्हाइकं ठरलेली आहेत, आम्हाला गरज नाही' हा चौथा आक्षेप जुन्या पेठांत जास्त ऐकू येतो. ठरलेलं गिऱ्हाईकसुद्धा दिवाळीत दुकान उघडं आहे का हे फोनवरच बघतं, आणि जुन्या वस्तीत वाडे पडून इमारती उठतात तेव्हा ठरलेली माणसं शहराच्या कडेला जातात. त्यांच्या जागी येणाऱ्या भाडेकरूला चार पिढ्यांचा लौकिक ठाऊक नसतो.

ऑगस्ट २०२४ पासून भारतातही शोधाच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला उतारा दिसू लागला आहे, आणि आता तीन जागांचीही खात्री उरली नाही, अशी धास्ती आहे. पण असा उतारा रचायला त्या यंत्राला कुठून तरी मजकूर लागतोच. तो नोंदीतून, रिव्ह्यूंतून आणि वेबपानांतून येतो. नोंदीत वेळ एक, पानावर दुसरी आणि तिसरीकडे बंद पडलेला फोन नंबर असेल, तर यंत्र यातलं काय उचलेल हे सांगता येत नाही. गिरणीवाल्याने एप्रिलची ती फळी फोटो काढून नोंदीत टाकावी, सेवांत 'मिरची कांडप' ही ओळ घालावी, आणि हंगाम संपून कांडप बंद झालं की ती आठवणीने काढावी. नाहीतर जूनमध्ये कुणीतरी भर पावसात पाच किलो मिरची घेऊन झाकून ठेवलेल्या यंत्रासमोर उभं राहील.